डोक्यामागचे टाके

सौसरहून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचा मुलगा २७ वर्षांचा असून नागपूरला नोकरीस आहे. त्याचे आजोळ पांढुर्ण्याचे. सहा वर्षांपूर्वी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मामेभावांच्या संगतीने तो जाम नदीच्या पात्रात उतरला आणि डोक्याच्या मागील बाजूस दगड लागून ८ टाके घालून घेऊन घरी आला. ती खूण अजून आहे. बोटभर लांब, आणि तिच्यावर केस उगवत नाहीत. आता कपाळावरचे केसही मागे सरू लागले आहेत, स्थळे पाहणे सुरू आहे, आणि चिरंजीवांनी केशरोपणाचा निश्चय केला आहे. नागपुरात एका ठिकाणी त्याला सांगण्यात आले की, मागील बाजूची त्वचेची पट्टी काढून टाके घालावे लागतील. दुसऱ्या ठिकाणी सांगितले, टाके नाहीत आणि व्रणही नाही. मातोश्री विचारतात, "टाके कोणते चांगले? की बिनटाक्याचेच चांगले? आणि जुन्या खुणेचे काय करावयाचे?"

प्रश्न वरवर हौसेचा वाटेल. मला तसा तो वाटला नाही. मुलगा पैसे साठवून बसला आहे, आणि डोक्याच्या मागे जेवढी जागा देवाने दिली आहे तेवढीच ती आहे. एकदा चुकीने वापरली की पुन्हा मिळत नाही.

जे वाचक इंदूर, बडोदे किंवा हैदराबादेत राहतात त्यांच्यासाठी गोटमारीविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. सावरगावकर त्याचे रक्षण करतात, पांढुर्णेकर ते तोडून न्यावयास पाहतात, आणि दोन्ही काठांवरून दगड चालतात. पुढे तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून जात असता नदीतच अडविली गेली, अशी दंतकथा सर्वत्र सांगतात. गोटा हा आपला मराठी शब्द. हिंदी वृत्तपत्रेही 'गोटमार' असेच छापतात. प्रशासनाने एकदा दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते कोणी मनावर घेतले नाही. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. पण गोटमार होती तशीच आहे. दरवर्षी जखमी शेकड्यांनी मोजले जातात आणि काही वर्षी माणसे दगावलीही आहेत. त्या दिवशी नदीकाठच्या वैद्यकीय पथकांइतकी डोकी एका दिवसात शिवण्याचा प्रसंग देशात फार थोड्या ठिकाणी येत असेल. म्हणूनच डोक्याच्या टाक्यांविषयी लिहावयाचे तर पांढुर्ण्यापासून आरंभ करणे मला योग्य वाटते.

डोक्याची त्वचा शरीरातील इतर त्वचेसारखी नाही. तिचे पाच थर आहेत. वर कातडी, तिच्या खाली घट्ट तंतूंचा थर, त्याखाली चिवट पडदा, मग एक सैल थर आणि शेवटी हाडाला चिकटलेले आवरण. रक्तवाहिन्या त्या दुसऱ्या घट्ट थरात जखडलेल्या असतात. हातावर कापले तर वाहिनीचे तोंड आत ओढले जाऊन मिटते. डोक्यावर ते उघडेच राहते. त्यामुळे लहानशा जखमेतूनही सदरा भिजेल इतके रक्त येते आणि घरची मंडळी घाबरतात. उपाय सोपा आहे. स्वच्छ फडक्याने दहा-पंधरा मिनिटे न उचलता घट्ट दाबून धरावे. मात्र चिवट पडदा फाटला असेल तर जखम आ वासते, आणि तो पडदा वेगळा शिवला नाही तर वरचे टाके कितीही सुबक असोत, खूण रुंद होते.

दगडाची जखम आणि शस्त्राची जखम यांत आणखी एक भेद आहे. सुरीने कापलेल्या कडा जिवंत असतात. दगड त्वचेला हाडावर आपटून फोडतो. कडा चेचल्या जातात आणि त्यांतील केसांची मुळे मरतात. सौसरच्या चिरंजीवांच्या खुणेवर केस नाहीत याचा दोष टाके घालणाऱ्याकडे जातोच असे नाही. बहुधा तो दगडाकडेच जातो.

गोटमारीत जखमेला चंडीमातेची विभूती लावून पुन्हा पात्रात उतरण्याचा प्रघात आहे. श्रद्धेविषयी मी काही म्हणत नाही. विभूती कपाळाला लावावी. उघड्या जखमेत राख किंवा माती गेली की दोन गोष्टी संभवतात. धनुर्वाताचा धोका वाढतो, आणि राखेचे कण त्वचेत कायमचे बसून गोंदल्यासारखा निळसर डाग राहतो. तो पुढे कोणत्याही टाक्याने जात नाही. जखम भरपूर स्वच्छ पाण्याने धुणे हे टाक्यांपेक्षाही महत्त्वाचे काम आहे, आणि गर्दीच्या दिवशी नेमके तेच घाईत होते.

आता शिवण्याच्या रीती पाहू. सुश्रुतसंहितेत शिवणीचे चार प्रकार सांगितले आहेत: वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी आणि ऋजुग्रंथी. दोऱ्यासाठी अश्मंतकाची साल, ताग, जवसाचा तंतू, स्नायू, केस, मूर्वा आणि गुळवेल एवढी सामग्री दिली आहे. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो तो एक बारीक नियम. टाका कडेपासून फार दूर घेतला तर कड दुखते, फार जवळ घेतला तर ती फाटते. आज नायलॉनचा दोरा वापरणाऱ्या शल्यविशारदालाही हाच नियम पाळावा लागतो. आतड्यांच्या जखमेला मोठ्या मुंग्यांकडून चावा घेववून त्यांची डोकी तेथेच ठेवण्याची युक्तीही त्याच ग्रंथात आहे. आजच्या धातूच्या क्लिपेचे, म्हणजे ज्याला रुग्णालयात स्टेपल म्हणतात त्याचे, ते मूळ म्हणावयास हरकत नाही.

टाक्यांवाचून जखम जोडण्याचे जुने उदाहरण तर आपल्या पुण्याचेच आहे. १७९२ च्या लढाईत टिपूच्या सैनिकांनी इंग्रजांच्या फौजेतील कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक कापले. पुढे पुण्यात एका कुंभाराने कपाळाची त्वचा उतरवून त्याला नवे नाक बसविले, आणि ती हकीकत लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझीन' मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात छापून आली. त्या वर्णनात कडा शिवल्याचा उल्लेख नाही. पाण्यात भिजवलेला कात चिंध्यांवर पसरून पाच-सहा पदर एकावर एक लावले, चार दिवस ते तसेच ठेवले, आणि मग तुपात भिजवलेल्या घड्या वापरल्या. विड्यातला कात असा जखमेच्या कामी आला. युरोपातील नाकाची शस्त्रक्रिया या हकीकतीनंतर पुढे सरकली, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदलेले आहे.

आजचा 'कात' म्हणजे सायनोॲक्रिलेट नावाचा गोंद. डोक्याच्या जखमेसाठी त्याची एक फार सुंदर रीत आहे. जखमेच्या दोन्ही बाजूंच्या केसांच्या लहान बटा घ्यावयाच्या, एकमेकींभोवती एकच पीळ द्यावयाचा, आणि त्या पिळावर गोंदाचा थेंब सोडावयाचा. सुई नाही, भूल नाही, मुंडन नाही, टाके काढावयास परत येणे नाही. २००२ साली सिंगापूरच्या डॉक्टरांनी ही रीत नेहमीच्या टाक्यांशी रीतसर तुलना करून प्रसिद्ध केली; वेदना, वेळ आणि व्रण या तिन्ही बाबतींत पीळ सरस ठरला. अट एवढीच की, जखम १० सेंटिमीटरांहून लहान असावी, रक्तस्राव थांबलेला असावा आणि केस निदान ३ सेंटिमीटर लांब असावेत. हल्लीच्या तरुणांच्या कानामागे वस्तरा फिरविलेल्या डोक्यावर ही युक्ती चालावयाची नाही. आजोबांच्या पिढीत ती उत्तम चालली असती.

येथवरची गोष्ट अपघाती जखमेची झाली. केशरोपणातील जखम जाणूनबुजून केलेली असते, आणि म्हणून तिच्याकडून अपेक्षाही अधिक असतात. सौसर-पांढुर्ण्याच्या बागाईतदारांना केशरोपण समजावून सांगणे फार सोपे आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. खुंट कोणताही असो, डोळा संत्र्याचा असला तर फळ संत्र्याचेच येते. डोक्याच्या मागील आणि बाजूंच्या केसांचेही तसेच आहे. ते पुढे आणून लावले तरी आपला टिकण्याचा गुण सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइश यांनी १९५९ साली हे दाखवून दिले. त्याआधी १९३९ साली जपानच्या ओकुदा यांनी भाजलेल्या जागी केस रोवण्याचे काम प्रसिद्ध केले होते, पण महायुद्धाच्या धामधुमीत ते जगापर्यंत पोहोचले नाही. संत्र्याच्या बागेत आणि डोक्यात एकच फरक आहे. मातृवृक्षाला दरवर्षी नवे डोळे फुटतात. डोक्याच्या मागे काढलेला केस परत येत नाही.

पट्टीच्या पद्धतीत मागील बाजूची साधारण १ सेंटिमीटर रुंद आणि २० सेंटिमीटर लांब त्वचा काढतात. एका चौरस सेंटिमीटरात केसांचे ८० पुंजके धरले तर १६०० पुंजके मिळाले. राहिलेली फट ओढून मिटवावयाची असते, आणि खरा प्रश्न येथे सुरू होतो. कोणत्याही दोऱ्यापेक्षा ताण हा व्रणाचा मोठा शत्रू आहे. ताजी जखम फार दुबळी असते. पहिल्या आठवड्याअखेर तिला मूळ त्वचेच्या दशांशाएवढेही बळ नसते. तीन आठवड्यांनी सुमारे पाचवा हिस्सा येतो, आणि तीन महिन्यांनी पाऊण हिस्सा किंवा किंचित अधिक. टाके मात्र दहा ते चौदा दिवसांत निघतात. त्यानंतर व्रणाला सांभाळणारे कोणी नसते, आणि सुबक रेषा हळूहळू पसरू लागते. दोन महिन्यांनी लोक म्हणतात, टाके चांगले नव्हते. टाके चांगले होते. पट्टी रुंद घेतली होती, किंवा मुलगा तिसऱ्याच आठवड्यात मान वाकवून पोती उचलू लागला होता.

दोऱ्यांची तुलना अशी. नायलॉन किंवा पॉलिप्रॉपिलीनचा दोरा गुळगुळीत असतो, त्वचेला कमी त्रास देतो, पण काढावा लागतो. सलग धावता टाका ताण सारखा वाटतो. मात्र तो आवळून घातला आणि दुसऱ्या दिवशी सूज आली की केसांच्या मुळांचे रक्त तुटते. रेषेच्या दोन्ही बाजूंना केस जातात आणि शिडीसारखी खूण उरते. विरघळणाऱ्या दोऱ्याने परत येण्याचा खेप वाचतो, पण त्याची टोके काही आठवडे खुपतात. धातूच्या क्लिपा झटपट बसतात आणि कडांचे रक्त कमी आवळतात, म्हणून पुष्कळ शल्यविशारद त्यांना पसंती देतात. रुग्ण पसंती देत नाहीत, कारण उशीवर डोके टेकवणे कठीण होते. शिवाय क्लिपा काढण्याचे हत्यार वेगळे असते. नागपूरहून क्लिपा लावून सौसरला आलात तर ते येथे कोणाकडे आहे हे आधी विचारून ठेवावे. अंतिम व्रणाच्या दृष्टीने, ताण कमी असेल तर दोरा आणि क्लिप यांत डोळ्यांना भरेल असा फरक पडत नाही, असे माझे मत आहे. आतून विरघळणाऱ्या दोऱ्याचा एक थर घालून ताण त्यावर घेतला आणि वरचा टाका सैल ठेवला, तर दोन्ही रीती चांगल्याच चालतात.

खरी सुधारणा २००५ च्या सुमारास आली. तिला ट्रायकोफायटिक बंद म्हणतात. नाव अवघड असले तरी कल्पना सोपी आहे. एका कडेची वरची कातडी सुमारे १ मिलिमीटर तासून टाकावयाची आणि दुसरी कड तिच्यावर आणून शिवावयाची. तासलेल्या कडेखालची मुळे जिवंतच असतात. त्यांचे केस वाट काढून व्रणातूनच बाहेर येतात. गवत मेढीखालून डोके वर काढते तसे. रेषा नाहीशी होत नाही, पण तिच्यातून केस उगवल्यामुळे ती ओळखू येत नाही. ताण मात्र येथेही सुटत नाही. ताणलेल्या व्रणात केस विरळ पडतात आणि कल्पना वाया जाते.

'बिनटाक्याचे' म्हणून जे सांगतात ते एकेक पुंजका १ मिलिमीटरच्या आतबाहेरच्या पोकळ नळीने काढण्याचे तंत्र होय. २००२ साली ते वैद्यकीय नियतकालिकात आले आणि आज बहुतेक ठिकाणी तेच चालते. यात प्रत्येक भोक आपोआप भरून येते. टाके नाहीत हे खरे. व्रण नाही हे खरे नाही. हिशेब करून पाहा. १ मिलिमीटर व्यासाची १६०० भोके म्हणजे जवळजवळ साडेबारा चौरस सेंटिमीटर जखम. २० सेंटिमीटर लांब आणि २ मिलिमीटर रुंद अशी पट्टीची रेषा म्हणजे ४ चौरस सेंटिमीटर. भोके भरताना आकसतात हे धरले तरी एकूण व्रण बिनटाक्याच्या रीतीतच अधिक. फक्त तो बाजरीच्या दाण्यांसारखा विखुरलेला असतो, म्हणून नजरेत येत नाही. बारीक केस कापणाऱ्या तरुणाला ही रीत सोयीची पडते, कारण रेषा दिसत नाही. पण हाव सुटून एकाच जागेतून भरमसाट पुंजके काढले तर डोक्याचा मागील भाग कसर लागलेल्या शालीसारखा दिसू लागतो, आणि तो दुरुस्त करणे एका रेषेपेक्षा कठीण असते.

आता भगिनींच्या मुलाकडे वळू. त्याचा गोटमारीचा व्रण नेमका देणाऱ्या जागेत आहे. जुन्या व्रणाजवळची त्वचा ताठर असते, ओढली की सहज येत नाही. तेथून पट्टी काढली तर ताण वाढेल. व्रण पट्टीच्या मार्गात असेल आणि त्वचा पुरेशी सैल असेल, तर पट्टीबरोबर तोही काढून टाकता येतो, म्हणजे दोन खुणांऐवजी एकच उरते. त्वचा सैल नसेल तर नळीची रीत बरी. आणि त्यातलेच थोडे पुंजके जुन्या खुणेत रोवून घ्यावेत. व्रणात रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून तेथे केस दाट लावू नयेत. विरळ लावून काही महिन्यांनी पुन्हा पाहावे. त्वचा सैल आहे की नाही हे बोटांनी मागची कातडी वरखाली सरकवून पाहूनच ठरते, दूरध्वनीवरील छायाचित्रावरून नव्हे.

माझी खरी अडचण त्याच्या वयाची आहे. २७ व्या वर्षी केस मागे सरू लागले असतील तर ते कोठे थांबतील हे आज कोणी सांगू शकत नाही. जन्मभरात मागून काढता येतील असे पुंजके पाच-सहा हजारांच्या आसपास असतात. पुष्कळांच्या बाबतीत त्याहूनही कमी. ते सारे कपाळावर खर्च केले आणि चाळिशीत टाळू उघडी पडली तर पुढे केसांची झालर आणि मध्ये मैदान अशी स्थिती होते. म्हणून आधी वर्षभर त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली औषधे घ्यावीत आणि गळती थांबते का ते पाहावे. लग्नाची घाई असली तरी.

कोणाकडून करून घ्यावे हेही विचारले आहे. २०१९ साली मुंबईत एका व्यावसायिकाचा केशरोपणानंतर मृत्यू झाला. एकाच बैठकीत नऊ हजारांवर केस रोवल्याचे वृत्त तेव्हा आले होते. २०२२ साली राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने सूचना काढून स्पष्ट केले की, कार्यशाळा पाहून किंवा यूट्यूब पाहून ही शस्त्रक्रिया शिकता येत नाही. रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांनीच ती करावी. तेव्हा भूल कोण देणार, नळी कोण चालविणार, आणि काही बिघडले तर जवळ रुग्णालय कोणते, हे तीन प्रश्न मुलाने पैसे भरण्यापूर्वी तोंडावर विचारावेत. उत्तर देताना जो चिडेल त्याच्याकडे जाऊ नये. आणखी एक. खर्रा खाण्याची सवय असेल तर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर काही आठवडे ती सोडावीच लागेल. तंबाखूने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, कडा भरून येत नाहीत आणि रोवलेले केस मरतात. मधुमेह किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर ती लपवू नयेत. अंगावर कोठे व्रण फुगून गाठीसारखा वाढला असेल तर तो डॉक्टरांना आधी दाखवावा.

पत्राच्या समासात पेन्सिलीने एक ओळ आहे: "केस लावल्यावर पुढच्या पोळ्याला त्याला पांढुर्ण्याला पाठवावे का?" रोवलेले केस बहुधा पहिल्या दोन-चार आठवड्यांत गळतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवे उगवू लागतात, आणि पूर्ण रूप यावयास वर्ष लागते. दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली तर पोळ्याला नऊ-दहा महिने होतात. आजोळी पाठवावे, पुरणपोळी खाऊ घालावी, बैलांची पूजा पाहू द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मात्र नागपूरला परत बोलवावे.